आंब्रोलीचे घर: रेव्हरंड जॉन विल्सन आणि त्यांचे कुटुंब

गिरगाव चौपाटीसमोरची विल्सन कॉलेजची दगडी इमारत बहुतेक मुंबईकरांनी शेकडो वेळा पाहिलेली असते. ती इमारत १८८९ सालची. ज्यांचे नाव तिला मिळाले, ते रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन तेव्हा या जगात नव्हते; त्यांना जाऊन चौदा वर्षे लोटली होती. आपल्या इतिहासात विल्सन यांची दोन चित्रे आढळतात. एका चित्रात ते पश्चिम भारतातील आधुनिक शिक्षणाचे एक प्रवर्तक, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि शिलालेखांचे अभ्यासक आहेत. दुसऱ्या चित्रात ते पारशी समाजातील मुलांना बाप्तिस्मा देऊन शहरात खळबळ माजविणारे मिशनरी आहेत. दोन्ही चित्रे खरीच आहेत. परंतु या दोन चित्रांच्या मध्ये एक घर होते आणि त्या घरातील माणसे होती. ती ध्यानात घेतल्याशिवाय विल्सन यांचा नीट उलगडा होत नाही. कारण त्यांच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक मोठा प्रसंग कुणाच्या तरी कुटुंबाशी निगडित आहे. कधी ते कुटुंब त्यांचे स्वतःचे होते, तर कधी दुसऱ्याचे.

लॉडरचा शेतकरी, ग्रीनॉकची पाद्रीकन्या

जॉन विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिणेस बेरिकशायर परगण्यातील लॉडर या लहानशा गावी झाला. वडील अँड्र्यू विल्सन हे शेतकरी होते व गावच्या नगरसभेचे सभासदही होते. घरातील वातावरण कडक धार्मिक होते. वयाच्या चौदाव्या वर्षी जॉन एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले. आज हे वय आपल्याला फारच लहान वाटते. परंतु त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये शेतकऱ्याच्या हुशार मुलाने या वयात विद्यापीठाची पायरी चढावी, यात नवल नव्हते. गावोगावच्या पॅरिश शाळा आणि अल्प खर्चाची विद्यापीठे ही त्या देशाची जुनी मिळकत होती. पुढे मुंबईत विल्सन यांनी धर्मप्रचाराची आणि शाळेची सांगड घातली, तिचे मूळ येथे सापडते.

‘पाद्री’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा रोमन कॅथलिक धर्मगुरू उभा राहतो. स्कॉटलंडच्या चर्चची घडण वेगळी होती. ते प्रेस्बिटेरियन चर्च होते. तेथे बिशप नसत. पाद्री आणि मंडळीतून निवडलेले वडीलधारे यांच्या सभांमार्फत कारभार चाले. पाद्रीला ब्रह्मचर्याचे बंधन नसे. तो संसारी असे, आणि त्याचे घर हे गावातील विद्येचे व सदाचाराचे केंद्र मानले जाई. पाद्रीच्या पत्नीकडे औपचारिक पद नसे, मात्र काम पुष्कळ असे.

या चर्चमध्ये अठराव्या शतकापासून दोन पक्ष पडलेले होते. ‘मवाळ’ म्हणविणाऱ्या पक्षाला विद्वत्ता, सौम्य प्रवचने आणि जमीनदारवर्गाशी सलोखा प्रिय होता. दुसरा पक्ष ‘इव्हँजेलिकल’ मतवाद्यांचा. मनुष्याने अंतःकरणापासून पश्चात्ताप करून ख्रिस्ताला शरण गेले पाहिजे, बायबल हेच अंतिम प्रमाण आणि त्याचा संदेश जगभर पोहोचविणे हे प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य, असे त्यांचे मत होते. परदेशी मिशनांची चळवळ मुख्यतः याच पक्षाच्या उत्साहातून उभी राहिली. तरुण विल्सन या पक्षाचे होते. विद्यार्थिदशेतच, १८२५ साली, त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांची एक मिशनसंस्था स्थापन केली. १८२८ मध्ये त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली आणि स्कॉटिश मिशनरी सोसायटीने त्यांची मुंबईसाठी निवड केली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांचा मार्गारेट बेन यांच्याशी विवाह झाला. मार्गारेटचा जन्म १७९५ चा. म्हणजे त्या पतीपेक्षा वयाने नऊ वर्षांनी मोठ्या होत्या. त्यांचे वडील केनेथ बेन हे ग्रीनॉक बंदरातील गेलिक भाषिकांच्या चर्चचे पाद्री होते. पाद्रीच्या घरात वाढलेल्या, उत्तम शिकलेल्या आणि लेखणी हाती धरू शकणाऱ्या या स्त्रीने मिशनचे काम केवळ ‘पतीच्या मागोमाग’ पत्करले, असे म्हणता येणार नाही. विवाहानंतर त्याच महिन्याच्या अखेरीस दोघे जहाजावर चढली आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईला उतरली.

मार्गारेटच्या शाळा

मुंबईत पाऊल ठेवल्यावर पहिले काम होते मराठी शिकण्याचे. स्कॉटिश मिशनचे काम त्यापूर्वीच कोकणात बाणकोट-हर्णैच्या किनाऱ्यावर सुरू झाले होते. विल्सन दांपत्याने तेथे राहून भाषेचा अभ्यास केला, आणि काही महिन्यांतच जॉन विल्सन मराठीत प्रवचन करू लागले. पुढे संस्कृत, गुजराती, हिंदुस्थानी, फारसी, हिब्रू आणि पारशांची अवेस्ता यांतही त्यांनी गती मिळविली. १८३२ साली त्यांनी हिब्रू भाषेचे प्राथमिक व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. ते मुख्यतः कोकणातील बेने इस्राएल लोकांसाठी होते. ज्यांचा धर्मग्रंथ हिब्रूत परंतु मातृभाषा मराठी, अशा समाजासाठी एका स्कॉटिश पाद्रीने मराठीत हिब्रू व्याकरण लिहावे, ही घटना त्या काळच्या मुंबईचे वैशिष्ट्य सांगून जाते.

मार्गारेट यांचा ओढा मुलींच्या शिक्षणाकडे होता. मुंबईत मुलींची शाळा काढणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत. अमेरिकन मिशनने १८२४ मध्येच तसा प्रयत्न केला होता. परंतु मार्गारेट यांनी ज्या झपाट्याने काम उभारले, ते थक्क करणारे होते. आगमनानंतर अल्पावधीतच त्यांनी मुलींच्या सहा शाळा चालू केल्या. शाळा म्हणजे एखादी भाड्याची खोली, एक शिक्षक आणि घराघरांतून समजूत घालून आणलेल्या मुली. मुलगी शिकली तर वैधव्य येते, अशी समजूत ज्या काळी घट्ट होती, त्या काळात मुलींना वर्गात टिकवून धरणे हेच मोठे काम होते. त्यांनी निराधार मुलींना राहण्याचीही सोय केली. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपली परंपरा मार्गारेट विल्सन यांच्या या कार्यापर्यंत मागे नेते. सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात अध्यापनास प्रारंभ केला तो १८४८ मध्ये. हे लक्षात घेतले म्हणजे या प्रयत्नांचा काळ किती आधीचा होता ते ध्यानात येते.

२९ मार्च १८३२ रोजी जॉन विल्सन यांनी गिरगावातील आंब्रोली येथे मुलांची इंग्रजी शाळा उघडली. विल्सन कॉलेज आपला आरंभ याच शाळेपासून मोजते. याच काळात त्यांच्या जाहीर वादसभाही गाजत होत्या. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा कित्येक दिवस वाद झाला. दांडेकरांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक लिहून आपली बाजू मांडली आणि विल्सन यांनी त्याला पुस्तकरूपानेच उत्तर दिले. छापखान्याच्या मदतीने धर्मचर्चा लोकांपुढे येण्याचा महाराष्ट्रातील हा अगदी आरंभीचा काळ होय.

हे सारे चालले असता घरात मार्गारेट यांची प्रकृती ढासळत होती. मुंबईची हवा, बाळंतपणे, शाळांची देखरेख, पतीच्या मासिकासाठी लेखन आणि अखंड येणारे-जाणारे, हा भार त्यांच्या शरीराला पेलवला नाही. १८३५ च्या आरंभी जॉन विल्सन गुजरात-काठेवाडच्या दौऱ्यावर होते. मार्चमध्ये त्यांनी गिरनारच्या पायथ्याची शिला पाहिली. तिच्यावरील लेखाचे ठसे पुढे कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेले आणि अशोकाच्या लेखांच्या वाचनाला त्यांची मदत झाली. इतिहाससंशोधनाच्या दृष्टीने हा दौरा मोलाचा ठरला. मात्र त्यानंतर काही आठवड्यांतच, १९ एप्रिल १८३५ रोजी, मार्गारेट यांचे मुंबईत निधन झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे एकोणचाळीस वर्षांचे होते. थोरला मुलगा अँड्र्यू जेमतेम चार वर्षांचा होता. पुढे विल्सन यांनी पत्नीची पत्रे व टिपणे एकत्र करून तिचे चरित्र प्रसिद्ध केले. मार्गारेटच्या ॲना आणि हे या दोन बहिणी स्कॉटलंडहून मुंबईला आल्या आणि त्यांनी बहिणीच्या शाळांचे काम हाती घेतले. एक बहीण गेल्यावर दोन बहिणींनी त्याच हवेत, त्याच जोखमीत येऊन राहावे, यावरून बेन घराण्यातील मुलींची जिद्द दिसून येते.

दुसऱ्यांची मुले

१८३९ साली मे महिन्यात आंब्रोलीच्या घराला वेगळ्याच परीक्षेला सामोरे जावे लागले. विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. भडोचकडील धनजीभाई अवघा सोळा-सतरा वर्षांचा होता. पारशी समाजात प्रचंड खळबळ उडाली. मुलांनी विल्सन यांच्या घरी आश्रय घेतला. धनजीभाईला परत मिळविण्यासाठी त्याच्या नातेवाइकांनी सुप्रीम कोर्टात ‘हेबियस कॉर्पस’चा अर्ज केला, म्हणजे ज्या व्यक्तीला अडकवून ठेवले आहे असे वाटते तिला न्यायालयापुढे हजर करावे, अशी मागणी केली. धनजीभाई स्वतःच्या इच्छेने विल्सन यांच्याकडे राहत असल्याचे आढळल्यावर कोर्टाने त्याला हवे तेथे जाण्याची मुभा दिली. तो विल्सन यांच्याबरोबर परतला.

कायद्याने प्रश्न सुटला, परंतु पालकांनी आपला निर्णय दिला. शाळेतील बहुसंख्य विद्यार्थी निघून गेले. पारशी, हिंदू आणि मुसलमान यांनी मिळून मिशनरींच्या विरोधात सरकारकडे अर्ज केला.

या प्रकरणाचा विचार करताना दोन्ही बाजूंच्या घरांत डोकावून पाहणे आवश्यक आहे. विल्सन यांच्या दृष्टीने सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आपल्या सदसद्विवेकाने निवड करू शकत होता. त्यांनी स्वतः चौदाव्या वर्षी घर सोडून विद्यापीठ गाठले होते. उलट पारशी कुटुंबाच्या दृष्टीने धर्म ही व्यक्तीची खासगी बाब नव्हती. धर्म सोडणे म्हणजे घर, नाते, वारसा आणि समाज या सर्वांना एकाच वेळी मुकणे. ज्या शाळेवर विश्वासून मुलगा पाठविला, तिनेच तो हिरावून घेतला, ही त्यांची वेदना खोटी नव्हती. विल्सन यांनी कायद्याचा भंग केला नव्हता, हे खरे. परंतु शाळेचा दरवाजा धर्मांतराकडे उघडतो हे ठाऊक असूनही इंग्रजी शिक्षणाच्या ओढीने येणाऱ्या मुलांना त्यांनी आत घेतले, हेही तितकेच खरे.

चार वर्षांनी मिशनच्याच दुसऱ्या एका प्रकरणात याची उलट बाजू दिसली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने रॉबर्ट नेस्बिट या विल्सन यांच्या सहकाऱ्याकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत बारा वर्षांचा होता आणि तोही मिशनच्या घरी राहत होता. त्याला मात्र कोर्टाने आईवडिलांच्या स्वाधीन केले. मग प्रश्न निर्माण झाला की ख्रिस्ती घरात राहून आलेल्या मुलाला जातीत घ्यावे की नाही? त्याची शुद्धी करून त्याला परत घ्यावे, ही बाजू बाळशास्त्री जांभेकरांनी हिरिरीने लढविली आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. एका मुलावरून उठलेल्या वादाने हिंदू समाजालाही स्वतःच्या रूढींकडे वळून पाहण्यास भाग पाडले. पारशांच्या बाबतीतही असेच घडले. विल्सन यांच्या टीकेला उत्तर देण्यासाठी १८४० च्या सुमारास पारशी विद्वानांनी ग्रंथ लिहिले. १८४३ मध्ये विल्सन यांचा पारशी धर्मावरील मोठा ग्रंथ निघाला. आपल्या धर्मग्रंथांचा अर्थ आपणच नव्याने लावला पाहिजे, ही जाणीव पुढील पारशी पिढीत बळावली.

चर्च फुटले, घर पुन्हा उभे राहिले

१८४३ च्या आरंभी विल्सन रजेवर मायदेशी निघाले. इजिप्त, सिनाई, पॅलेस्टाईन या मार्गाने झालेल्या प्रवासात त्यांच्यासोबत होते धनजीभाई नवरोजी. पुढे धनजीभाईंना एडिंबरो येथे १८४६ साली पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. ते भारतात परतले आणि १९०८ पर्यंत जगले. घर गमावलेल्या मुलाला विल्सन यांनी वाऱ्यावर सोडले नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

याच सुमारास स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. एखाद्या गावी पाद्री कोण असावा हे ठरविण्याचा अधिकार १७१२ च्या कायद्याने जमीनदार आश्रयदात्यांना दिलेला होता. मंडळीला नको असलेला पाद्री तिच्यावर लादता कामा नये, असा इव्हँजेलिकल पक्षाचा आग्रह होता. न्यायालयांनी तो फेटाळला. अखेर १८ मे १८४३ रोजी थॉमस चामर्स यांच्या नेतृत्वाखाली पाद्री महासभेतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. सुमारे बाराशे पाद्रींपैकी साडेचारशेहून अधिकांनी वेतन, चर्चची इमारत आणि राहते घर यांवर पाणी सोडले. भारतातील स्कॉटिश मिशनरींनीही फ्री चर्चचाच पक्ष घेतला. त्यामुळे मुंबईतील मिशनची मालमत्ता जुन्या चर्चकडे राहिली, आणि विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांना शाळेचा संसार नव्याने मांडावा लागला. आंब्रोली येथे त्यांच्या संस्थेची नवी इमारत १८५५ मध्ये उभी राहिली.

१८४६ मध्ये विल्सन यांनी इझाबेला डेनिस्टन यांच्याशी दुसरा विवाह केला आणि पुढील वर्षी दोघे मुंबईस आली. मार्गारेटने लावलेल्या मुलींच्या शाळांची धुरा आता इझाबेला यांनी उचलली आणि १८६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती सांभाळली. या घराचा उंबरठा अनेक देशांतील माणसांनी ओलांडला. ॲबिसिनियातून आलेली मुले येथे शिकली. १८६४ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेतून मुंबईस आले, तेव्हा गुलामगिरीतून सोडविलेल्या चुमा आणि विकतानी या मुलांना त्यांनी विल्सन यांच्या शाळेत ठेवले. लिव्हिंग्स्टन यांचा १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात मृत्यू झाल्यावर त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत हाच चुमा अग्रभागी होता.

पुत्राने निवडलेली वाट

आंब्रोलीच्या घराने इतरांची मुले आपलीशी केली. पाद्रीच्या स्वतःच्या थोरल्या मुलाने मात्र धर्मपीठाची वाट धरली नाही. अँड्र्यू विल्सन एडिंबरो आणि जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे शिकले आणि पत्रकार झाले. मुंबईत त्यांनी वृत्तपत्राचे संपादन केले; नंतर हाँगकाँगला ‘चायना मेल’ चालविले. ‘एव्हर व्हिक्टोरियस आर्मी’ हा चीनमधील युद्धावरील त्यांचा ग्रंथ १८६८ मध्ये निघाला. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘द अबोड ऑफ स्नो’ हे हिमालयप्रवासाचे पुस्तक विशेष गाजले. हा प्रवास त्यांनी आजारी शरीराने, बराचसा डोलीत बसून केला होता. १८८१ मध्ये त्यांचे निधन झाले. पित्याच्या वाटेने न जाता त्यांनी पित्याची जिज्ञासा आणि भटकंती मात्र पुरेपूर उचलली. पारशी कुटुंबातील मुलाला स्वतःची वाट निवडू देणाऱ्या पाद्रीला आपल्या मुलालाही तीच मोकळीक द्यावी लागली.

उत्तरायुष्यात विल्सन यांच्या वाट्याला बहुमान आले. १८४५ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले होते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, तिला विल्सन यांचे मराठी भाषेवरील टिपण जोडलेले आहे. तोच कोश आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. १८६८ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तर १८७० मध्ये फ्री चर्चच्या महासभेचे अध्यक्ष. १ डिसेंबर १८७५ रोजी मलबार हिलवरील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर घडलेल्या दोन गोष्टी नोंदविण्याजोग्या आहेत. विल्सन यांच्या नावाने विद्यापीठात भाषाशास्त्रावरील व्याख्यानमाला सुरू झाली आणि १८७७ मध्ये ती व्याख्याने रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी दिली. संस्कृत व प्राकृत भाषांच्या अभ्यासात त्या व्याख्यानांना मानाचे स्थान आहे. पुढच्याच वर्षी बेहरामजी मलबारी या पारशी कवीने, ज्याच्या लेखनाला विल्सन यांनी प्रोत्साहन दिले होते, गुजरातीत ‘विल्सन-विरह’ हा शोककाव्यसंग्रह प्रसिद्ध केला. १८३९ साली ज्या समाजाने विल्सन यांना न्यायालयात खेचले होते, त्याच समाजातील, स्वतःचा धर्म न सोडलेल्या एका कवीने चाळीस वर्षांच्या आत त्यांच्यासाठी शोक केला.

विल्सन यांना अभिप्रेत असलेला विजय मुंबईने त्यांना कधीच दिला नाही. त्यांच्या शाळेतून शिकून गेलेल्यांच्या तुलनेत धर्मांतर करणारे मूठभरच होते. मुंबईने त्यांच्याकडून घेतले ते शाळा, भाषाभ्यास आणि वाद घालण्याची लिखित पद्धत. या देण्याची किंमत मार्गारेट आणि इझाबेला यांनी आपल्या आयुष्याने मोजली, आणि धनजीभाईच्या घरच्यांनी मुलगा गमावून. चौपाटीवरील त्या इमारतीवर एकच नाव आहे. तिच्यासमोरून जाताना या बाकीच्यांचीही आठवण ठेवावी, एवढेच.